प्रबंधाच्या शेवटच्या वर्षाचा हिशेब : येना, न्यूयॉर्क, लंडन आणि आपण

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



विषय वाचून काहींना वाटलं असेल की फी हा काय इतिहासाचा विषय आहे? फी भरायची, पावती घ्यायची आणि फायलीत लावायची. त्यात इतिहास कसला! म्हणून मी सिद्धांतापासून सुरुवात करत नाही. तीन सनांपासून करतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले १९१३ साली. तिथला अभ्यास आटोपून लंडनला निघाले १९१६ साली. आणि कोलंबियाची पीएच.डी. रीतसर त्यांच्या नावावर लागली ती १९२७ साली. म्हणजे शिकायला तीन वर्षं आणि शिकून झाल्यावर पदवी मिळायला अकरा वर्षं!

ही अकरा वर्षं कुठे गेली? त्यांची बुद्धी कमी पडली असं म्हणायची कुणाची छाती नाही. मधल्या काळात याच माणसानं लंडनहून एम.एस्‌सी. घेतली, डी.एस्‌सी. घेतली, बॅरिस्टर झाला. मग अडलं कुठे? या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागलं की एक वेगळाच इतिहास उघडतो. अभ्यास संपलेला आहे, वर्गात बसायचं नाही, फक्त प्रबंध पुरा करायचा आहे, अशा विद्यार्थ्याकडून विद्यापीठ काय आणि कशाबद्दल घेतं, याचा इतिहास. आज आपण तोच बघणार आहोत.

पदवी म्हणजे मेजवानी

थोडं मागे जाऊ. मध्ययुगातल्या युरोपात, बोलोन्या किंवा पॅरिसला, डॉक्टर किंवा मास्टर होणं हा समारंभ होता. उमेदवारानं परीक्षकांना भेटी द्यायच्या, वस्त्रं द्यायची, मंडळींना जेवू घालायचं. आपल्याकडे मुंजीत किंवा लग्नात जसा खर्च ‘लोक काय म्हणतील’ म्हणून वाढत जातो, तसाच तो तिथेही वाढत गेला. इतका, की १३११-१२ च्या व्हिएन इथल्या चर्चच्या परिषदेला डॉक्टर होण्याच्या समारंभावर किती खर्च करायचा याची मर्यादा घालून द्यावी लागली. मर्यादा घालावी लागते तेव्हा समजावं की प्रकरण हाताबाहेर गेलं होतं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. या काळात खर्चाचा मोठा बोजा शेवटी येतो. ज्ञान मिळालं की नाही हा भाग वेगळा, पण पदवीच्या दारात उभं राहिलं की थैली सोडावी लागते.

पुढे जर्मन विद्यापीठांत हा प्रकार जरा सुटसुटीत झाला. मेजवानीच्या जागी फी आली. डॉक्टरेटची फी भरायची, ती रक्कम प्राध्यापकांमध्ये वाटली जायची. म्हणजे पदव्या जितक्या जास्त, तितकं प्राध्यापकांचं उत्पन्न जास्त. यातून काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. काही छोट्या विद्यापीठांनी उमेदवार समोर न येताच पदवी द्यायला सुरुवात केली. प्रबंध टपालानं पाठवा, फी पाठवा, पदवी टपालानं घ्या.

याचं सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे कार्ल मार्क्स. शिकला बर्लिनला आणि डॉक्टरेट घेतली येना विद्यापीठाची. ६ एप्रिल १८४१ ला त्यानं प्रबंध पाठवला, १५ एप्रिलला पदवी मिळाली. नऊ दिवसांत! प्रबंध उत्तम होता, त्याबद्दल वाद नाही. पण येना निवडण्यामागे तिथली फी कमी आणि अटी सौम्य हा व्यवहारी हिशेब होता. आपल्याकडचा संशोधक जसा ‘कुठे लवकर होईल, कुठे स्वस्तात होईल’ असं चार ठिकाणी विचारतो, तसंच हे. भांडवलाचा हिशेब पुढे मांडणाऱ्या माणसानं स्वतःच्या पदवीचाही हिशेब केला होता, एवढंच म्हणू.

छापल्याशिवाय पदवी नाही

या टपाली डॉक्टरेटवर तुटून पडला तो थिओडोर मोमसेन, रोमचा मोठा इतिहासकार. १८७६ साली त्यानं जाहीर लेख लिहून असल्या खोट्या डॉक्टरांचे वाभाडे काढले. त्याला निमित्त झालं होतं उचलेगिरी करून मिळवलेल्या एका पदवीचं. त्याच्या मागण्या मुख्यतः दोन होत्या. उमेदवार प्रत्यक्ष परीक्षेला आला पाहिजे, आणि प्रबंध छापला गेला पाहिजे. छापलेलं पुस्तक चार जाणकारांच्या हाती पडतं, मग चोरी लपत नाही.

विचार रास्त होता. पण प्रत्येक रास्त विचाराचं बिल कुणाला तरी भरावं लागतं. छपाईची सक्ती आली तेव्हा हे बिल विद्यार्थ्याच्या नावावर फाडलं गेलं. कागद, जुळणी, मुद्रितं तपासणं, बांधणी, आणि वर ग्रंथालयाला ठरावीक प्रती फुकट द्यायच्या. त्या प्रती विद्यापीठ दुसऱ्या विद्यापीठांशी अदलाबदल करून वापरायचं. म्हणजे विद्यार्थ्याच्या पैशानं विद्यापीठाचं ग्रंथालय वाढायचं, हेही आलंच.

अमेरिकेनं पीएच.डी. ही पदवीच मुळी जर्मनीकडून घेतली. पहिल्या अमेरिकन पीएच.डी. येल विद्यापीठानं १८६१ साली दिल्या. पदवीबरोबर छपाईची अटही तिकडे गेली. कोलंबियात तर इतिहास, अर्थशास्त्र आणि कायदा या विषयांतले प्रबंध छापण्यासाठी एक खास ग्रंथमालाच होती. तिचे संपादन बघणाऱ्यांत होते प्राध्यापक एडविन सेलिगमन. हे नाव लक्षात ठेवा, कारण तेच बाबासाहेबांचे गुरू.

आपल्या ओळखीचं आणखी एक नाव याच काळात अमेरिकेत दिसतं. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. ते कॉर्नेल विद्यापीठात शिकत होते. भारतातल्या जातिसंस्थेच्या इतिहासावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९०९ साली इथाका इथूनच, म्हणजे कॉर्नेलच्या गावातूनच, छापून निघालं. तरुण संशोधकाचा प्रबंध आणि छापील पुस्तक ही त्या जगात जवळजवळ एकच गोष्ट होती. आज आपण जुन्या ग्रंथालयात ही पुस्तकं बघतो आणि म्हणतो, वा, किती लवकर पुस्तक आलं! त्यामागे नियम होता हे लक्षात येत नाही.

न्यूयॉर्क, लंडन, बडोदा, मुंबई

आता परत त्या अकरा वर्षांकडे येऊ.

बाबासाहेब परदेशी गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार. १९१५ साली त्यांनी एम.ए. केलं. ९ मे १९१६ ला गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरचा तो गाजलेला निबंध वाचला. पीएच.डी.च्या प्रबंधाचं काम केलं. आणि १९१६ साली लंडनला जाऊन लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं.

इथे शिष्यवृत्तीचं घड्याळ वाजलं. मुदत संपली आणि १९१७ साली सगळं अर्धवट टाकून परतावं लागलं. करारानुसार ते बडोद्याला रुजू झाले. तिथे काय झालं ते आपण सगळे जाणतो. कोलंबियात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला बडोदा शहरात राहायला जागा कुणी देईना. पारशी खानावळीत आसरा घेतला, तर जात कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि बाहेर काढलं. नोकरी सोडून मुंबईला यावं लागलं.

लंडन विद्यापीठानं त्यांना एक सवलत दिली होती. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत या आणि काम पुरं करा. म्हणजे शेवटची मुदत ऑक्टोबर १९२१. आता बघा, ही सवलत म्हणजे कागदावर एक वाक्य. त्या वाक्याचा उपयोग करून घ्यायचा तर माणसाकडे काय लागतं? बोटीचं भाडं, लंडनला राहण्याचा खर्च, विद्यापीठाची फी, ग्रेज इनची फी, आणि इकडे परळच्या चाळीत रमाबाईंच्या संसाराची सोय. मुदत फुकट मिळते. तिचा उपयोग फुकट करता येत नाही.

मग त्यांनी काय केलं? नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली. मार्च १९२० पर्यंत ती केली, पैसे साठवले. शाहू महाराजांनी मदत केली. नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये कर्ज घेतलं. कोलंबियात असताना झालेली ही मैत्री. आणि १९२० च्या सप्टेंबरअखेर ते पुन्हा लंडन स्कूलमध्ये हजर झाले. मुदत संपायला साधारण एक वर्ष राहिलं होतं.

१९२१ साली एम.एस्‌सी. झालं. १९२२ साली बॅरिस्टर. त्याच वर्षी ऑक्टोबरात रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्‌सी.चा प्रबंध सादर केला. आणि मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी सांगितलं, सुधारून आणा.

ज्यांनी प्रबंध लिहिलाय त्यांना ‘सुधारून आणा’ या दोन शब्दांचं वजन माहीत आहे. त्याचा सरळ अर्थ आणखी काही महिने. आणखी काही महिने म्हणजे आणखी खोलीभाडं. बाबासाहेबांकडे पैसा उरला नव्हता. ते एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला परतले, प्रबंध इथे बसून पुन्हा लिहिला, टपालानं लंडनला पाठवला, आणि नोव्हेंबरात डी.एस्‌सी. मिळाली. तो प्रबंध त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनच्या पी. एस. किंग या प्रकाशनानं छापला.

आणि कोलंबिया? तिथे प्रबंध अजून छापायचा राहिला होता. प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा तो ग्रंथ पी. एस. किंग यांनीच १९२५ साली काढला. प्रस्तावना सेलिगमन यांची. अर्पण केला सयाजीराव गायकवाडांना. छापील प्रती कोलंबियाकडे पोचल्या आणि १९२७ साली पदवी रीतसर मिळाली.

मी असं म्हणत नाही की अकरा वर्षांना फक्त पैसा कारणीभूत होता. याच काळात वकिली सुरू झाली, १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. ज्या वर्षी पदवी आली त्याच १९२७ च्या मार्चात महाडचा सत्याग्रह झालेला आहे. माणूस मोकळा बसला नव्हता. पण विद्यापीठाच्या बाजूनं बघितलं तर पदवी ज्या दारात अडून होती, त्या दाराचं नाव छपाई असं होतं.

आणि आता या गोष्टीची दुसरी बाजू. त्या काळी कोलंबियानं एक गोष्ट केली नाही. दर सत्राला नोंदणी चालू ठेवा आणि फी भरा, असं सांगितलं नाही. विद्यार्थी सातासमुद्रापार निघून गेला, अकरा वर्षांनी पुस्तक पाठवलं, आणि विद्यापीठानं पदवी दिली. आजचे नियम तेव्हा असते तर काय झालं असतं? एकतर अकरा वर्षांची सत्रं मोजून फी भरावी लागली असती, नाहीतर नाव केव्हाच कमी झालं असतं.

छपाई गेली, घड्याळ आलं

हा बदल कसा झाला?

१९३८ साली अमेरिकेत अ‍ॅन आर्बर इथे यूजीन पॉवर यांनी युनिव्हर्सिटी मायक्रोफिल्म्स ही कंपनी काढली. टंकलिखित प्रबंधाची छोटी फिल्म करायची आणि मागेल त्याला प्रत काढून द्यायची. छपाईची गरजच संपली. दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास आणि नंतर बहुतेक अमेरिकन विद्यापीठांनी छपाईची सक्ती सोडली. विद्यार्थ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असणार.

पण दुसरीकडे एक नवी अडचण उभी राहिली. अमेरिकेत फी ही वर्गाशी बांधलेली असते. इतके तास, इतके श्रेयांक, त्याची इतकी फी. वर्ग संपले की मोजायला काही उरत नाही. विद्यार्थी मात्र ग्रंथालय वापरतो, मार्गदर्शकाचा वेळ घेतो, प्रयोगशाळेत बसतो. शिवाय कित्येकजण सगळे अभ्यासक्रम, सगळ्या परीक्षा पुऱ्या करून प्रबंध अर्धवट टाकून जायचे. तिकडे अशांना एबीडी म्हणतात, म्हणजे प्रबंध सोडून बाकी सगळं झालेले. यांचं नाव पटावर धरायचं की नाही? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात यावर उपाय निघाला तो अखंड नोंदणीचा. वर्ग असो नसो, पदवी हवी तर दर सत्राला नाव नोंदवा आणि काहीतरी भरा.

हे ‘काहीतरी’ कसं ठरतं, ते चार उदाहरणांत सांगतो, कारण आपली बरीच मुलं तिकडे आहेत आणि घरी बसलेल्या आईवडिलांना हे कोडं कळत नाही.

हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखेत पायऱ्या आहेत. पहिली दोन वर्षं पूर्ण फी, तिसऱ्या-चौथ्या वर्षी कमी फी, पाचव्यापासून फक्त सुविधा शुल्क. कोलंबियात सहा ‘निवासाची एककं’ पुरी करावी लागतात. एक एकक म्हणजे एक सत्र पूर्ण फी. ती भरून झाली की उरलेल्या काळासाठी नाव चालू ठेवण्याची बरीच कमी फी. कॅलिफोर्निया विद्यापीठात आणखी एक सोय आहे. प्रबंध जवळजवळ तयार असेल, फक्त सादर करायचा असेल, तर पूर्ण नोंदणीऐवजी एकदाच छोटं सादरीकरण शुल्क भरता येतं. आणि ब्रिटनमध्ये साधारण तीन वर्षांची फी भरून झाली की लेखनाच्या काळासाठी वेगळं, कमी शुल्क लागतं.

या सगळ्यात एक समान धागा आहे. पूर्वी विद्यापीठ पदवीची किंमत घ्यायचं, नंतर छपाईचा खर्च टाकायचं, आता ते वेळेची किंमत घेतं. आणि वेळ ही अशी वस्तू आहे की ती फक्त विद्यार्थ्याच्या हातात नसते. मार्गदर्शक रजेवर गेला, समितीच्या सदस्याला तारीख जमेना, एक प्रकरण परत लिहायला सांगितलं, की सत्र उलटतं. सादरीकरणाची तारीख एका दिवसानं चुकली की पुढच्या सत्राची नोंदणी आलीच. परदेशी विद्यार्थ्याचं तर दुहेरी दुखणं. नोंदणी नसेल तर व्हिसाच धोक्यात.

आता कुणी म्हणेल, अहो, अमेरिकेत पीएच.डी.च्या मुलांना फी माफ असते ना? बऱ्याच ठिकाणी असते. शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाच्या बदल्यात ती माफ होते. म्हणजे ती फी कागदावर असते, खिशातून जात नाही. पण ही कागदावरची फीसुद्धा किती खरी असते, ते २०१७ साली दिसलं. तिथल्या प्रतिनिधीगृहानं मंजूर केलेल्या करविधेयकात ही माफ केलेली फी उत्पन्न समजून तिच्यावर कर लावायची तरतूद होती. ज्या मुलाच्या हातात जेमतेम विद्यावेतन येतं, त्यानं हातात न आलेल्या हजारो डॉलरवर कर भरायचा! देशभर संशोधक विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर आले, आणि शेवटच्या कायद्यात ती तरतूद राहिली नाही. त्याआधी २०१६ साली कोलंबियाच्याच प्रकरणात तिथल्या राष्ट्रीय कामगार मंडळानं निकाल दिला होता की खासगी विद्यापीठांतले शिकवणारे संशोधक विद्यार्थी हे कामगारही आहेत, त्यांना संघटना करता येते. बाबासाहेबांचं विद्यापीठ पुन्हा एकदा या इतिहासात आलं ते असं.

आपल्या घरचा हिशेब

आता आपण काय करतो?

मुंबई विद्यापीठ स्थापन झालं १८५७ साली, लंडनच्या धर्तीवर, मुख्यतः परीक्षा घेणारं विद्यापीठ म्हणून. त्यामुळे आपल्याकडे परीक्षा शुल्क ही कल्पना रक्तात भिनलेली आहे. आजही सरकारी विद्यापीठात पीएच.डी.ची फी अमेरिकेच्या मानानं अगदीच थोडी. पण फी थोडी म्हणजे खर्च थोडा असं होत नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२२ चे नियम बघा. पीएच.डी.ला किमान तीन वर्षं, कमाल सहा. त्यानंतर फेरनोंदणी करून आणखी दोन. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन, पण एकूण दहा वर्षांच्या वर नाही. महिलांना प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. आता दुसरीकडे शिष्यवृत्ती बघा. नेट परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ आणि वरिष्ठ मिळून पाच वर्षं. नियम सहा वर्षांचा, पैसा पाच वर्षांचा. म्हणजे सहावं वर्ष, जे बहुधा प्रत्यक्ष लिहायचं वर्ष असतं, ते विद्यार्थ्याच्या अंगावर. साडेअकरा पौंडांचं घड्याळ आणि हे घड्याळ, दोन्ही एकाच कारखान्यातली वाटतात की नाही?

आणि नेट नसलेल्यांचं काय? केंद्रीय विद्यापीठांत त्यांना पीएच.डी.साठी महिना आठ हजार रुपये मिळत. २०१५ च्या ऑक्टोबरात आयोगानं तेही बंद करायचं ठरवलं. दिल्लीत आयोगाच्या दारात विद्यार्थी ठाण मांडून बसले, तेव्हा ते चालू राहिलं. आपल्या राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीसाठी संशोधकांनी केलेली आंदोलनं तुम्ही वर्तमानपत्रात वाचली असतील. त्यातली एक मागणी लक्ष देऊन ऐका. नोंदणी झाली त्या तारखेपासून अधिछात्रवृत्ती द्या. म्हणजे भांडण रकमेचं जितकं, तितकंच महिन्यांचं आहे. घड्याळ कधी सुरू झालं असं धरायचं, हा प्रश्न आहे.

छपाईची सक्ती आपल्याकडे वेगळ्या रूपात येऊन गेली. २००९ आणि २०१६ च्या नियमांत प्रबंध सादर करण्याआधी संशोधनपत्रिकेत निबंध छापून आणायची अट होती. हेतू मोमसेनसारखाच, दर्जा राखण्याचा. पण झालं काय? पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या पत्रिकांचं पेव फुटलं. विद्यार्थी पैसे भरायचा, निबंध छापून यायचा, अट पुरी व्हायची. शेवटी आयोगाला चांगल्या पत्रिकांची यादी करावी लागली आणि ते काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात चाललं. २०२२ च्या नियमांत ती अट गेली. दीडशे वर्षांच्या फरकानं तोच धडा आपण पुन्हा गिरवला. दर्जाची अट घातली आणि तिच्या खर्चाची सोय केली नाही, तर दर्जा येत नाही, दुकान येतं.

एक छोटा अनुभव सांगून थांबतो. माझ्या ओळखीचे एक शिक्षक, तालुक्याच्या गावी कॉलेजात शिकवायचे. तासिका तत्त्वावर. प्रबंध पुरा झाला होता. मार्गदर्शकांचं आजारपण निघालं, सही राहिली आणि मुदतीची तारीख तीन आठवड्यांनी उलटली. फेरनोंदणी करावी लागली, वर्षाची फी भरावी लागली. त्या तीन आठवड्यांत प्रबंधात एक ओळही बदलली नव्हती. ते मला म्हणाले, “सर, फीचं एवढं काही नाही. पण मी काय चूक केली ते पावतीवर कुठे लिहिलेलं नव्हतं.”

इतिहासातून काही शिकायचं असेल तर मला ते इथे दिसतं. कुठलंही शुल्क हे कशाबद्दल घेतो, हे विद्यापीठाला सांगता आलं पाहिजे. समारंभाबद्दल, छपाईबद्दल, ग्रंथालयाबद्दल, की निव्वळ वेळ लागल्याबद्दल? आणि तो वेळ कुणामुळे लागला? बाबासाहेबांना नवल भथेना भेटले, शाहू महाराज भेटले. इरावती कर्वे १९२८ साली बर्लिनला प्रबंधासाठी गेल्या त्या जीवराज मेहतांनी दिलेल्या कर्जावर. ही माणसं मोठी होतीच. पण ज्यांना भथेना भेटले नाहीत, मेहता भेटले नाहीत, त्यांचे प्रबंध कुठे आहेत? ते कुठल्याच ग्रंथालयात सापडत नाहीत, म्हणून त्यांचा इतिहास लिहिणं अवघड आहे. निदान पुढचे तरी हरवू नयेत.



निवडक प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, वर्ग नसताना फी घेणं हेच मुळात अन्यायाचं नाही का?

उत्तर : मी तसं सरसकट म्हणणार नाही. ग्रंथालय, प्रयोगशाळा, मार्गदर्शकाचा वेळ, परीक्षकांचं मानधन, हे खर्च खरे आहेत. नाव पटावर असण्याचा विद्यार्थ्यालाही फायदा असतो. वसतिगृह, ओळखपत्र, परदेशात व्हिसा. माझं म्हणणं इतकंच की वर्गाची पूर्ण फी आणि लेखनाच्या काळातलं शुल्क यात फरक हवा, आणि उशीर विद्यापीठाकडून झाला असेल तर त्याचा भुर्दंड विद्यार्थ्यावर नको.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत पाचव्या वर्षाला आहे. त्यानं काय विचारावं?

उत्तर : चार गोष्टी. एक, कमी फीच्या श्रेणीत जायला कोणते टप्पे पुरे व्हावे लागतात. दोन, त्या श्रेणीत गेल्यावर व्हिसासाठी तो पूर्णवेळ विद्यार्थी धरला जातो का. तीन, आरोग्य विमा चालू राहतो का, कारण कित्येकदा फी कमी होते आणि विमा अंगावर येतो. चार, ज्या सत्रात प्रबंध सादर करायचा त्या सत्रात नोंदणी लागते का, आणि शेवटची तारीख कोणती. ही उत्तरं तोंडी घेऊ नयेत. लेखी घ्यावीत.

प्रश्न : मुदतच काढून टाकली तर?

उत्तर : मोह होतो खरा. पण मुदत नसली की मार्गदर्शकही निवांत होतात, हे मी तुम्हाला मार्गदर्शक म्हणून सांगतो! (हशा) मुदत असावी, आणि जितकी मुदत तितकी शिष्यवृत्ती असावी. लंडन विद्यापीठानं चार वर्षं दिली, पण ती वापरता आली पाच हजारांच्या कर्जामुळे. मुदत आणि पैसा ही जोडी फोडली की मुदतीचा उपयोग ज्याच्याकडे आधीच पैसा आहे त्यालाच होतो.